चहाचा डबा आणि कॅमेरा

अम्मी मोरीत घसरली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले असतील. दूध घालणारा मुलगा साडेसातला आला, कडी वाजवून दमला आणि मग त्यानं समोरच्या खालांना हाक मारली. म्हणजे साधारण तासभर ती ओल्या फरशीवर पडून होती. मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. ‘बाकी काही नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य. आमच्या डोक्यात मात्र तो तास बसला.

अब्बांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी पुण्यात, धाकटा भाऊ दोह्यात, बहीण हुबळीला दिलेली. अम्मीला पुण्याला येऊन राहा म्हणून सांगून झालं होतं. ती येते, आठ दिवस राहते आणि नवव्या दिवशी कोयना एक्सप्रेसची वेळ विचारायला लागते. मिरजेच्या त्या गल्लीत तिची पन्नास वर्षं गेली आहेत. पुण्यात आमच्या मजल्यावर शेजारी कोण राहतं हे मलाच नीट माहीत नाही, तिला काय सांगणार?

म्हणून मी कॅमेरा घेतला. पांढरा, मुठीएवढा, मान फिरवणारा. दीड-दोन हजारांची वस्तू. हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवला. तिथून हॉल, स्वयंपाकघराचं दार आणि मोरीकडे जायची वाट, तिन्ही दिसतं. अम्मी पलंगावर बसून माझी खटपट बघत होती. आमच्या घरात दखनी बोलतात, म्हणून तिचं बोलणं तसंच लिहितो. मी तिला सांगितलं की तू पडलीस तर आम्हाला दिसेल, चोर आला तरी दिसेल. ती म्हणाली, “चोर आया तो दिखेगा बोलता तू. चोर नै आया तो कौन दिखेगा?”

मी हसलो आणि फोनवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरला.

अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे टीव्ही आले, टेपरेकॉर्डर आले, पण पाटी रेडिओचीच राहिली. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून त्याचा सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कंपनीनंच चिकटवलेला. म्हणजे कंपनीच सांगायची की आत काय आहे ते असं आहे, बिघडलं तर बघून घ्या. शाळेतून आलो की मी दुकानात बसायचो. राळेचा धूर, कथलाची तार, मल्टिमीटरचा काटा यांत वाढलो. चार स्क्रू काढले की कुठलीही वस्तू आतून दिसते, अशी माझी लहानपणी समजूत होती. या कॅमेऱ्याला मात्र बाहेरून एकही स्क्रू नाही. आणि उघडला तरी उपयोग नाही, कारण त्याचं अर्धं काम त्याच्या पोटात होतच नाही. ते कुठल्या तरी दूरच्या इमारतीत होतं.

हे काम चालतं कसं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या घरातल्या राउटरच्या मागे बसलेल्या वस्तूला बाहेरून कुणी थेट हाक मारू शकत नाही. पोस्टमनला घर माहीत असतं, पण आत कुठल्या खोलीत कोण बसलंय ते माहीत नसतं, तसं काहीसं. म्हणून कॅमेरा स्वतःच बाहेर हाक मारतो. वीज आली की तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडतो आणि ती धरून ठेवतो. मी पुण्यात ॲप उघडलं की माझा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. कधी तिथून पुढे चित्र थेट फोनवर येतं, तर कधी शेवटपर्यंत सर्व्हरमार्गेच. म्हणजे अम्मीच्या हॉलचं दार मिरजेत असलं तरी त्याची चावी एका कंपनीकडे, आणि ती कंपनी कुठल्या देशात हे डब्यावर बारीक अक्षरात.

जोडणी करताना दोन तास गेले. या स्वस्त वस्तू बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवरच्या वायफायलाच जोडल्या जातात, आणि मी बावळटासारखा ५ गिगाहर्ट्झचं नाव देत बसलो होतो. एका अर्थी बरंच झालं. २.४ च्या लहरी भिंतींतून जास्त आत जातात आणि आमच्या घराच्या भिंती जुन्या, हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झ स्वयंपाकघरात पोचलंच नसतं.

पहिले काही दिवस मोठं समाधान होतं. ऑफिसात बसून बघायचं, अम्मी चालते आहे, भाजी निवडते आहे. हालचाल झाली की फोन गुरगुरायचा. कॅमेरा एकामागून एक येणारी चित्रं ताडून बघतो आणि फरक दिसला की कळवतो, त्यामुळे पडदा हलला तरी कळवतो आणि मांजर आलं तरी. रात्री तो इन्फ्रारेड दिवे लावतो. ते आपल्याला दिसत नाहीत, पण त्यात सगळं राखाडी होतं आणि माणसाचे डोळे चमकतात. एकदा रात्री दोनला अम्मी पाणी प्यायला उठली, तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मी फोन उलटा ठेवला.

दोह्याहून भाऊ जेवणाच्या सुट्टीत बघायचा. बघून फोन करायचा, “अम्मी, गोळी घेतली नाहीस अजून.” बहिणीनं ॲप मागितलं, तिला दिलं. तिच्या नवऱ्याच्या फोनवरही आलं, कारण तिचा फोन सारखा बंद पडतो. भाच्यानं सेटिंग करून दिलं म्हणून त्याच्याकडेही होतं. पाच फोन. हा आकडा मी तेव्हा कधी मोजला नव्हता.

मग दुपारी कधीतरी चित्र पांढरट दिसायला लागलं. कॅमेऱ्यावर दुपट्टा. मी फोन करून ओरडलो की हे कशासाठी बसवलंय मग? ती म्हणाली, धूळ बसते म्हणून टाकला. दुपट्टा निघाला. दोन दिवसांनी परत आला.

एका रविवारी दुपारी दोनला फोनवर आलं, ‘डिव्हाइस ऑफलाइन’. मी अम्मीला फोन केला. उचलला नाही. परत केला. मिरजेत लाइट गेली असेल असं स्वतःला सांगितलं आणि समोरच्या खालांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, लाइट आहे. मग मात्र मी घाबरलो. तो बिचारा जेवत होता, हात न धुता धावला, गच्चीवरून उतरून आत गेला. अम्मी स्वयंपाकघरात शिरखुर्मा ढवळत होती. फोन हॉलमध्ये उशीखाली. कॅमेऱ्याचा प्लग तिनं स्वतः काढून ठेवला होता.

त्या दिवशी तिच्या भिशीची पाळी आमच्याकडे होती. अकरा बायका, महिन्याला हजार रुपये, चिठ्ठी काढायची, खायचं, बसायचं. माझ्या आठवणीत ती भिशी तीस वर्षं चालू आहे. त्या दिवशी अकरातल्या दोघी आल्या.

हे अम्मीनं सांगितलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा समोरच्या खालांनी सांगितलं, तेही पोराला उगाच पळवलंस म्हणून बोलता बोलता. बायका येईनात, कारण घरात कॅमेरा आहे. जिना चढून आल्या की दाराच्या मागच्या खुंटीला बुरखा अडकवायचा, डोक्यावरचं सोडायचं, पाय पसरून बसायचं, ही त्या हॉलची रीत. आता वर फळीवर एक डोळा. अम्मी म्हणे प्लग काढून दाखवायची, बघा, बंद आहे. पण बंद असलेला आणि चालू असलेला कॅमेरा दिसायला सारखाच. आणि त्याला कानही आहे. सुनांविषयी, सोनं गहाण ठेवण्याविषयी, कुणाच्या अंगावरून जातंय त्याविषयी त्या तिथेच बोलायच्या. चार महिने भिशी दुसरीकडे होत होती. अम्मीचे गुडघे दुखतात, दुसऱ्यांचे जिने तिला चढवत नाहीत. म्हणजे ती जातही नव्हती. “उनो आते नै अब,” एवढंच ती म्हणाली आणि विषय बदलला.

मी बारा वर्षांचा झालो तेव्हा भिशीच्या दुपारी अम्मीनं मला पहिल्यांदा सांगितलं होतं की आता तू बाहेर जाऊन खेळ. मला राग आला होता, कारण शिरखुर्म्याची पहिली वाटी तिथेच मिळायची. पण गेलो. तेव्हापासून त्या दुपारी आमच्या घरातला कुणी पुरुष हॉलमध्ये थांबला नाही. अब्बा दुकानात जेवायचे. आणि मी त्याच हॉलमध्ये पाच फोन आणून बसवले होते, त्यातले चार पुरुषांच्या खिशात. कुणी मुद्दाम पाहिलं नसेलही. पण ‘पाहिलं नसेल’ यावर कुणी केस मोकळे सोडून बसत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. पुट्टस्वामींचा तो खटला आधारवरून सुरू झाला होता. त्या दिवशी मी फेसबुकवर लांबलचक लिहिलंही होतं. नंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात एक साधी सूट आहे: एखाद्या माणसानं वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही. योग्यच आहे म्हणा, नाहीतर लग्नाचे फोटो काढायलाही संमतीपत्र लागेल. पण याचा अर्थ असा की मुलानं आईच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला तर खालांनी जायचं कुठे? कुठेच नाही. त्या आपल्या यायच्या बंद झाल्या.

मग मी वाचत बसलो. आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत दारावरच्या घंटीचे कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये आरोप ठेवला की कंपनीतले कर्मचारी गिऱ्हाइकांच्या घरातली चित्रं उघडून बघू शकत होते आणि एकानं बायकांच्या खोल्यांतली हजारो चित्रं पाहिली. ५८ लाख डॉलर देऊन कंपनीनं ते मिटवलं. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरला. त्याच्याजवळ साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, सगळ्या कारखान्यातून येतानाच्या. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता असे लाखभर कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर त्याला लागले आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्या सगळ्यांनी मिळून डिन नावाच्या कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास उघडेनात. बनवणारे तिघे कॉलेजवयातले पोरगे निघाले. ज्यांच्या घरात ते कॅमेरे होते त्यांना यातलं काही कळलंही नाही. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलपासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. माझा त्याच्या आधीचा.

आणि फोन? कॅमेऱ्याला नावं ठेवताना खिशातला फोन विसरतो आपण. नमाजाच्या वेळा आणि किबल्याची दिशा सांगणाऱ्या ॲपला तुम्ही कुठे आहात ते कळावंच लागतं, त्याशिवाय सूर्य तुमच्याकडे कधी मावळतो ते त्याला काढता येणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘मदरबोर्ड’नं बातमी दिली की ‘मुस्लिम प्रो’ हे कोट्यवधी लोकांनी घेतलेलं ॲप लोकांची ठिकाणं एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीला देत होतं, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामं करणारे ठेकेदार होते. बातमी आल्यावर ॲपनं तो संबंध तोडला. अम्मीच्या फोनवर असंच एक अजानचं ॲप आहे. गल्लीत मशीद आहे, घरातून अजान ऐकू येते. पण आवाज छान आहे म्हणते.

कॅमेरा मी काढला. काढला म्हणजे हॉलमधून काढला. तो आता जिन्याच्या बाहेर आहे, पायऱ्यांकडे मान घालून, समोरच्या खालांचं दार चौकटीत येणार नाही असा. आवाज बंद. चार फोनांवरून मी त्याचं नाव पुसलं. भाऊ दोह्यातून चिडला. म्हणाला, तू तिथून चार तासांवर आहेस, मी कुठे आहे बघ. त्याचं चुकीचं नव्हतं. तो तास त्याच्याही डोक्यात होता.

त्या तासाचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता. आपल्याला नेमकं काय हवंय, याचा मी पहिल्यांदा नीट विचार केला. अम्मी काय करते ते बघायचं नव्हतं. ती सकाळी उठली का, एवढंच हवं होतं. आणि अम्मी उठली की पहिलं काम चहा. चहापत्तीचा डबा भिंतीतल्या छोट्या कपाटात.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथे गेलं की माझ्यासारख्या माणसाला अब्बांचं दुकान दोनशे पटींनी मोठं होऊन समोर आल्यासारखं वाटतं. ईएसपी ८२६६ या चिपचा बोर्ड घेतला. शांघायच्या एका कंपनीची ही चिप. अंगठ्याएवढ्या बोर्डात वायफायसकट सगळा संगणक, काहीशे रुपयांत. स्मार्ट प्लग, बल्ब यांच्या पोटात बहुतेक अशीच काहीतरी चीज असते. शिवाय एक चुंबक आणि एक रीड स्विच: काचेच्या नळीतल्या दोन पत्र्या, चुंबक जवळ आला की चिकटतात, दूर गेला की सुटतात. चुंबक कपाटाच्या दाराला, स्विच चौकटीला. दार उघडलं की बोर्ड एक निरोप पाठवतो. घरी बऱ्याच वर्षांनी सोल्डरिंग केलं. बायको म्हणाली, घरभर वास करून ठेवलास. मला तो वास आवडतो.

निरोप जातो त्या पद्धतीला एमक्यूटीटी म्हणतात. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर या दोघांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी केली. ओसाडीतली ठिकाणं, सॅटेलाइटची महागडी जोडणी, म्हणून निरोप जितका छोटा तितका बरा. मध्ये एक आडत्या असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. पाठवणारा त्याच्याकडे माल टाकतो, ज्याला हवा तो त्याच्याकडे आधी नाव नोंदवून ठेवतो. दोघांची एकमेकांशी ओळख लागत नाही. माझा ब्रोकर मुंबईत भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर आहे. म्हणजे तोही दुसऱ्याचाच संगणक, हे कबूल. पण त्याला कळतं ते फक्त ‘दार उघडलं’ आणि वेळ.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. बोर्ड ब्रोकरशी जोडला जातानाच एक निरोप त्याच्याकडे ठेवून देतो: मी न सांगता गेलो तर हे सगळ्यांना कळव. त्याचं इंग्रजी नाव लास्ट विल, म्हणजे चक्क वसीयत. मिरजेत लाइट गेली, राउटर बंद पडला, की बोर्ड गप्प होतो. ब्रोकर ठरलेला वेळ वाट बघतो आणि वसीयत वाचून दाखवतो. मग मला कळतं की ही शांतता डब्याची आहे, अम्मीची नाही. कॅमेरा ऑफलाइन झाला तेव्हा नेमकं हेच कळत नव्हतं.

केंब्रिजमधल्या एका प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. कॉफी उरली आहे का हे जिने न चढता कळावं म्हणून. पुढे ते चित्र वेबवर टाकलं आणि २००१ पर्यंत जगभरच्या लोकांनी ते भांडं बघितलं. घरगुती वस्तूंवर पाळत ठेवण्याची गोष्ट अशी भांड्यापासून सुरू झाली आणि माणसांपर्यंत आली. मी परत भांड्याकडे आलो, असं मित्रांना सांगून मी थोडे दिवस मिरवलंही.

महिन्याभरात माझं मिरवणं बंद झालं. निरोप रात्री येऊ लागले. अडीच वाजता, तीन वाजता, एका रात्री दोनदा. म्हणजे अम्मीला झोप येत नव्हती आणि ती रात्री चहा करत होती. फोनवर विचारलं की झोप लागते का, तर म्हणाली, मस्त लागते. आता मला जे माहीत होतं ते मी तिला सांगू शकत नव्हतो, आणि माहीत नाही असं वागूही शकत नव्हतो. चित्र नाही, आवाज नाही, एक दार उघडल्याची नोंद, तरी मी परत तिच्या हॉलमध्ये जाऊन बसलोच होतो. आठवडाभर विचार करून मी प्रोग्रॅम बदलला. सकाळी सहाच्या आधीचं काही कळवायचं नाही. सहानंतर पहिल्यांदा दार उघडलं की एक निरोप, मग दिवसभर गप्प. नऊपर्यंत निरोप नाही आणि वसीयतही नाही, तर माझा फोन मोठ्यानं वाजायचा. अम्मीला हे सगळं समजावून सांगितलं. रात्रीचं सोडून. तिनं कपाटाचं दार दोनदा उघडून बंद केलं आणि म्हणाली, चांगलं आहे, याला डोळे नाहीत.

वर्षभर ते नीट चाललं. या वर्षी ईद होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी नऊला मी सिंहगड रोडवर ट्रॅफिकमध्ये होतो आणि फोन वाजला. निरोप नाही. वसीयत नाही. म्हणजे लाइट आहे, बोर्ड जिवंत आहे, आणि अम्मीनं कपाट उघडलेलं नाही. गाडी कडेला घेतली. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेव्हा डोळ्यासमोर फक्त ती ओली फरशी होती. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

“तिलावत करती थी रे. क्या हुआ?”

मी म्हटलं, अजून चहा नाही केलास?

“शव्वाल के रोजे हैं ना मेरे. सहरी कूच पी ली चाय, साडेचार बजे.”

साडेचारचं दार बोर्डानं पाहिलं होतं. कळवू नकोस असं मीच त्याला सांगितलं होतं. मी तिला म्हटलं की डब्याला रोजे माहीत नव्हते.

“डब्बे कू नै मालूम था, ठीक है,” ती म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, “तू रखा क्या?”

मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही. मग म्हणाली की संध्याकाळी इफ्तारला भिशीतल्या सहाजणी येणार आहेत, डाळ भिजत घालायची राहिली आहे, फोन ठेव.